चेन उलटी फिरव, म्हणालीस तू

अक्का,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावद्याच्या पुढं एका केळीच्या बागेशेजारी ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज बदलत होते. मी नुसतं 'बरं' म्हटलं, फोन खिशात टाकला आणि उरलेलं काम संपवलं. सोबतच्या वायरमननं विचारलं, "कोणाचा फोन होता?" मी म्हटलं, "आमच्या शाळेची शिपाई वारली." हे बोलले आणि मला एकदम इतका राग आला की हातातली पक्कड मी बांधापलीकडं भिरकावली. ती शोधायला आम्हा दोघांना अर्धा तास लागला.

रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू? आता विचारायचं कोणाला, हेच डोक्यात होतं. बारा वर्षं मी एकच प्रश्न घेऊन तुझ्यामागं होते आणि तू उत्तर न देता निघून गेलीस. तुझ्या दहाव्याला राग जाईल असं वाटलं, गेला नाही. शाळेतल्या शोकसभेनंतर जाईल असं वाटलं, तर तिथं तो वाढला. म्हणून आता लिहायला बसले. तुला कागद वाचायचा कंटाळा. "तूच वाच, मी ऐकते," असं म्हणायचीस. ऐक मग.

बाईंना आम्ही 'तुम्ही' म्हणायचो, सरांना 'तुम्ही' म्हणायचो, आणि तुला 'तू'. शिपाई म्हणून नव्हे, खरंच नव्हे. आईला 'तू' म्हणतात तसं. पण आता वाटतं, शाळेनं तेही आपल्या सोयीनं घेतलं. अक्का पाणी आण, अक्का घंटा दे, अक्का पाहुण्यांना चहा. भडगावपासून सात कोसांच्या आत असं एक काम नव्हतं जे तुला सांगितलं गेलं नाही.

आम्ही आठवीत होतो तेव्हा आम्हाला सरकारी सायकली मिळाल्या. मंडप पडला, हार झाले, पाहुण्यांनी एकेका मुलीच्या हातात हँडल देऊन फोटो काढले. त्या दिवशी तू ट्रे घेऊन फिरत होतीस. सायकली दिल्या, पण त्या चालत्या कशा ठेवायच्या ते कोणी सांगितलं नाही. आमचा रस्ता वाळूच्या ट्रॅक्टरांनी खाल्लेला. उन्हाळ्यात पिठासारखी काळी धूळ, पावसाळ्यात तिचाच चिखल. दिवाळीपर्यंत चेनी करकरायला लागल्या, उतरायला लागल्या. निम्म्या सायकली गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर कडबा पडला. सायकल गोठ्यात गेली की मुलगी घरी बसायची. चार-सहा किलोमीटर पायी कोण पाठवणार? गुरुजनांना हे दिसलं नाही. तुला दिसलं, कारण हजेरीच्या वह्या वर्गावर्गातून तू गोळा करायचीस आणि गैरहजेरीच्या फुल्या मोजायचीस.

तुझ्या नवऱ्याचं गावात बसस्टँडजवळ सायकलीचं दुकान होतं. ते गेले, दुकान दिराच्या ताब्यात गेलं, आणि तुझ्याकडं राहिली हत्यारांची एक पत्र्याची पेटी. ती तू एका शनिवारी डोक्यावरून शाळेत आणलीस. सकाळची शाळा सुटली, घंटा दिलीस आणि फाटकात आडवी उभी राहिलीस.

"सायकलवाल्या पोरी, कोनी घर जावानं नही. बठ्ठ्यास्नी आठे या."

सगळ्यांनी इकडं या म्हटल्यावर लिंबाखाली आम्ही वीसेक जणी उभ्या राहिलो. तू माझी सायकल उलटी केलीस, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. चेनकव्हरचे स्क्रू काढलेस. आतली चेन बघून तू मला अशी काही शिवी दिलीस की नववीच्या मुली खिदळल्या.

"काय घातलंस ह्याच्यात?"

"खोबरेल," मी म्हटलं.

"डोक्याला लाव ते. चेनीला नाही."

खोबरेलावर धूळ बसून काळा चिकट लगदा झाला होता. तू तो टाचणीनं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, हे बघ, हे तू रोज ओढत शाळेत येतेस. मग वाटीत रॉकेल ओतलंस, जुना टूथब्रश दिलास. एक हात पायडलवर, ते मागं फिरवत राहायचं, दुसऱ्या हातानं ब्रश. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. मग जुन्या लुगड्याच्या फडक्यात चेन धरायची आणि पुन्हा मागं फिरवायची, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग उन्हात सुकू द्यायची. आम्हाला घाई असायची, ओल्यावरच तेल घालायला जायचो, की तुझी टपली बसायची. तेल शिलाई मशीनचं, एका कडीला एक थेंब, त्यापेक्षा जास्त नाही. सगळ्यात शेवटी वरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. हे मला कधी कळायचंच नाही. आत्ताच घातलेलं तेल पुसायचं कशाला?

"आतलं ऱ्हातं ना," तू म्हणायचीस. "वरचं धूळ गोळा करतं."

चेन बोटानं मधोमध दाबायची. अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त हलली तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करून चाक मागं ओढायचं, आणि दोन्ही बाजूंनी सारखं, नाहीतर चाक वाकडं बसतं. हे सगळं मनीषाला, तुझ्या पोरीला, आधीपासून येत होतं. ती माझ्याच वर्गात. अडकलेली कडी ती नुसती बोटांनी दोन्ही बाजूंना वाकवून मोकळी करायची, तुला पाना घ्यावा लागायचा. तू तिला कधी 'छान' म्हटलं नाहीस. पण आम्ही चुकलो की म्हणायचीस, "मनीषाकडनं बघून घ्या." त्या वेळी तिचा चेहरा मी बघायचे. आठ दिवस पुरेल एवढं मिळाल्यासारखा व्हायचा.

हेडसरांनी एकदा तुला सगळ्यांसमोर बोलून घेतलं. शिपायानं शिपायाचं काम करावं, शाळेच्या आवारात रॉकेल सांडू नये. तू मान खाली घालून 'हो सर' म्हणालीस. पुढच्या शनिवारी लिंबाखाली पोतं अंथरलंस आणि पुन्हा सायकली उलट्या केल्यास. तुझं भांडण असंच होतं. तोंडानं हो आणि हातानं नाही. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटायचं. पुढं त्याचाच मला राग आला.

नववीतला तो शुक्रवार. मी दोन शनिवार चुकवले होते, आळसानं. घरी येताना नाल्याच्या उतारावर चेन उतरली आणि फ्रीव्हील आणि स्पोकच्या मध्ये जाऊन अशी रुतली की चाक जागचं हलेना. कापूस भरून येणाऱ्या गाडीवरचे दोघे थांबले, त्यांनी ओढाताण केली, त्यांनाही निघाली नाही. शेवटी त्यांनी सायकल गाडीत टाकली आणि दिवेलागणीला मला घराशी सोडलं. आबा अंगणातच उभे होते. मला काही विचारलं नाही. त्या दोघांना रामराम केला, सायकल उतरवून घेतली, गोठ्यात नेली आणि साखळी-कुलूप लावलं. शनिवारी सकाळी मी दप्तर घेतलं तर म्हणाले, "ठेव ते."

सोमवारी तू हजेरीत माझी फुली बघितलीस, मंगळवारी पुन्हा बघितलीस. आणि बुधवारी मनीषाच्या सायकलवर बसून सहा किलोमीटर आमच्या दारात आलीस. शाळेच्या वेळात. त्याबद्दल तुझी अर्धी रजा कापली गेली हे मला खूप नंतर समजलं.

तू ओट्यावर बसलीस, पाणी प्यायलीस, चहाला नको म्हणालीस.

"आबा, गोठाना कुलूप काढा."

आबा म्हणाले, "अक्का, तुम्ही उन्हातान्हात आल्या, चांगलं झालं. पण पोरीचा विषय काढू नका. दोन परके माणसं तिला घरी सोडून गेले. गावानं बघितलं."

"उशीर चेनमुये झाया, पोरमुये नही."

"चेन आज उतरली, उद्या पुन्हा उतरेल."

"उतरेल ना. रोज उतरेल. मग?" तू उठलीस. "घड्याळ शे का तुम्हना हातमा? बघा तं त्यात."

आबांनी कुलूप काढलं. का काढलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तू रुतलेली चेन आधी स्वतः काढून दाखवलीस, मग आपल्या हातानं पुन्हा तशीच रुतवलीस, आमच्या डोळ्यांसमोर, पायानं चाक रेटून. शेजारपाजारचे भिंतीवरून बघायला लागले. आई दारात उभी. तू मला म्हणालीस, "बस खाली."

पहिल्यांदा मी ओढायला गेले आणि अंगठ्याचं कातडं निघालं. दुसऱ्यांदा रडायला लागले. तू जवळ आली नाहीस. उंबऱ्याशी उभी राहून म्हणालीस, "ओढू नको. चाक ढिलं कर आधी. नट कोणता?" मला आठवलं. दोन्ही नट ढिले केले, चाक पुढं घेतलं, चेन सैल झाली, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं वर उचलली आणि ती निघाली. दातांवर बसवली, चाक मागं ओढलं, नट आवळले. बोटानं दाबून बघितलं, अर्धा इंच. पायडल फिरवलं तर फिरलं. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

आबांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच व्हतं, आबा," तू म्हणालीस. "एवढासाठे तुम्ही तिनी शाळा बंद करी ऱ्हायनात."

आईनं माझ्यासाठी साबण आणला. गुरुवारी मी शाळेत होते. अक्का, मी आज खांबावर चढते, माझ्या नावापुढं तंत्रज्ञ लिहिलेलं आहे, केळीच्या बागांचे मालक मला 'मॅडम, लाईट कधी येईल' म्हणून विचारतात, ते त्या बुधवारमुळं. हे मी तुला एकदाही म्हटलं नाही. म्हणायचं होतं. पण आधी माझा प्रश्न मध्ये आला.

दहावीच्या परीक्षेला पंधरा दिवस असतील. शनिवारी लिंबाखाली मनीषा माझ्या शेजारी बसून चेन पुसत होती. ती हळूच म्हणाली, "मला बघून गेले. धुळ्याकडचे आहेत. पेपर संपले की लग्न." मी म्हटलं, "आणि अक्का?" ती म्हणाली, "कोणाला सांगू नको." मी नाही सांगितलं. माझा गणिताचा अभ्यास राहिला होता. हे वाक्य मी बारा वर्षांत कोणासमोर उच्चारलेलं नाही, तुझ्यासमोरही नाही. मी बाईंना सांगू शकले असते, आबांना सांगू शकले असते. मी गणित केलं.

ती सोळाची होती. लग्न मे महिन्यात झालं, तुमच्याच गल्लीत. हेडसर आले होते, अक्षता टाकून, जेवून गेले. सगळ्यांना तिचं वय माहीत होतं, हजेरीच्या वहीत जन्मतारीख होती. पंगतीत तू वाढत होतीस, आणि माझ्या पानावर बुंदी टाकताना माझ्याकडं बघितलं नाहीस.

पुढच्या शनिवारी मी शाळेत आले. सुट्टी होती. तू एकटीच लिंबाखाली कोणाची तरी सायकल उलटी करून बसली होतीस. मी समोर उभी राहिले आणि ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "माझ्या आबांशी भांडायला सहा किलोमीटर आलीस ना? स्वतःच्या घरात तोंड का नाही उघडलंस? आम्ही कोणाच्या पोरी? ती कोणाची?" हे आठवतं.

तू ब्रश रॉकेलात बुडवलास. पायडल माझ्याकडं वळवलंस.

"चेन उलटी फिरव," म्हणालीस.

बस्स. एवढंच. मी वाटीला लाथ मारली, रॉकेल पोत्यावर सांडलं. तू फक्त काडेपेटी उचलून लांब ठेवलीस. मी निघून गेले ते तुझ्याकडं परत न येण्यासाठी.

त्या वर्षी भडगावच्या कॉलेजला जाताना मी चेनीला हात लावला नाही. तुझ्यावरच्या रागानं. मुद्दाम. ती लाल झाली, करकरली, आणि एक दिवस प्रॅक्टिकलच्या सकाळी तुटली. चार किलोमीटर मी सायकल ढकलत गेले, प्रॅक्टिकल बुडालं. घरी येऊन अंगणात सायकल उलटी केली, नवी कडी टाकली, रॉकेल, ब्रश, फडकं, सगळं तू सांगितलंस तसंच. तुला शिव्या देत होते आणि थेंब मात्र एका कडीला एकच घालत होते. आई म्हणाली, "कोणाशी बोलतेस?"

मग जळगावला आयटीआय, मग नोकरी. तू कोणाकडून तरी माझा नंबर मिळवलास. वर्षातून दोन-तीनदा फोन करायचीस. पगार वेळेवर होतो का, खांबावर चढताना पट्टा बांधतेस का, आबांचा गुडघा कसा आहे. मी 'हो, ठीक, बरा' एवढंच बोलायचे. मनीषाचं नाव तू काढायची नाहीस, मी काढायची नाही.

दोन वर्षांपूर्वी पाचोऱ्याच्या स्टेशनवर अचानक भेटलीस. डोळ्यांच्या डॉक्टरकडं आली होतीस, मी भुसावळच्या गाडीची वाट बघत होते. तू रिटायर झाली होतीस, वाळली होतीस. माझे दोन्ही हात हातात घेतलेस आणि उलटेपालटे करून बघितलेस, बाजारात भाजी बघतात तसे. "घट्टे पडलेत," म्हणालीस, आणि तुला बरं वाटल्याचं मला कळलं. आपण बाकावर बसून चहा घेतला. मला राहवलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं. ओरडून नाही या वेळी.

"अक्का, का गं?"

तू चहाचा कप बाकावर ठेवलास. मग म्हणालीस, "तुन्हा घर मी उनू. मन्हा घर कोन उनं?"

तुझ्या घरी मी आले. माझ्या घरी कोण आलं?

गाडी लागली. मी चढले. दारात उभी राहून मला तुझा जो राग आला तो लग्नाच्या वेळीही आला नव्हता. हे काय उत्तर झालं? तू कोणाच्या येण्याची वाट बघणारी बाई होतीस का? हजेरीतल्या फुल्या बघून दारोदार जाणारी तू, स्वतःच्या दारात बसून राहिलीस, कोणी येईल म्हणून? त्यानंतर तुझे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. दुसऱ्यानंतर तू केला नाहीस. आणि मग तो फोन आला, केळीच्या बागेत.

दहाव्याला गिरणेच्या घाटावर मनीषा भेटली. बारा वर्षांत पहिल्यांदा. हात माझ्यापेक्षा खरखरीत, शेतातले. मी तिला मिठी मारायला गेले तर ती तशीच उभी राहिली.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी मी अक्काशी भांडले होते."

"माहीत आहे. लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांनी आले होते, तेव्हा आई म्हणाली." मग म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्यावरून भांडल्या. माझ्याशी कोणी बोललं नाही."

मग तिनंच सांगितलं, हळूहळू, वाळूत काडीनं रेघा ओढत. घर तुझ्या दिराचं होतं. त्यानं सांगितलं होतं, बिनबापाची तरणी पोर मी माझ्या घरात ठेवणार नाही, लग्न कर नाहीतर दोघी बाहेर व्हा. तू आठ दिवस मागितलेस. त्या आठ दिवसांत तू हेडसरांकडं गेली होतीस. मनीषा बाहेर व्हरांड्यात उभी होती, तिनं ऐकलं. तू म्हणालीस, "सर, तुम्ही फक्त एकदा घरी या. दिराला सांगा की पोरगी हुशार आहे, बारावीपर्यंत थांबा. तुमचं ऐकतील." सर म्हणाले, "अक्का, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. शाळा त्यात कशी पडणार?"

तू 'हो सर' म्हणून बाहेर आलीस. या वेळी हातांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणजे तू तोंड उघडलं होतंस. आणि मला बारा वर्षं सांगितलं नाहीस. का? मी सरांना जाऊन काहीतरी बोलेन आणि माझा दाखला अडकेल म्हणून? की मागायला गेलीस आणि रिकाम्या हातानं आलीस हे माझ्यासारख्या पोरीला कळू नये म्हणून? कुठलंही कारण असो, मला ते मान्य नाही. तू मला बारा वर्षं चुकीच्या माणसावर रागावू दिलंस. आणि शेवटचे दोन फोन मी उचलले नाहीत, ते ओझं माझ्या गळ्यात टाकून गेलीस. हे तू वाईट केलंस, अक्का.

चार दिवसांनी शाळेत शोकसभा होती. नवे मुख्याध्यापक, जुने हेडसर पाहुणे म्हणून. तुझा फोटो, हार, उदबत्ती. मनीषा मागच्या ओळीत. हेडसर उभे राहिले आणि म्हणाले की अक्का साध्या होत्या, हसतमुख होत्या, आणि मुलींना सायकलदुरुस्ती शिकवण्याचा उपक्रम आपल्या शाळेनं त्यांच्या मदतीनं राबवला. आपल्या शाळेनं! हसतमुख! तू आठवड्यातून एकदा हसायचीस, तेही कोणाच्या नाकाला वंगण लागलं तर.

मी उभी राहिले.

"सर, एक विचारायचं आहे. दहावीच्या परीक्षेआधी अक्का तुमच्याकडं आली होती. मनीषाचं लग्न थांबवायला तुम्ही घरी या म्हणून. तुम्ही का गेला नाहीत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. "बेटा, ही वेळ आहे का? तो त्यांचा घरगुती प्रश्न होता."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात," मी म्हटलं. "आणि मग जेवायला मात्र त्याच घरी गेलात."

कोणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं. सर बोलायचे थांबले नाहीत, पण पुढं काय बोलले ते त्यांनाही कळलं नसावं. दोन मिनिटं शांत उभं राहून सभा संपली. बाहेर दोन जुन्या बाई माझ्याजवळून मान फिरवून गेल्या. मला वाटलं होतं मनीषाला बरं वाटेल. ती लिंबाखाली आली आणि म्हणाली, "तू माझ्यासाठी नाही विचारलंस. स्वतःसाठी विचारलंस."

"हो," मी म्हटलं.

"चालेल. कोणी तरी विचारलं." तिनं ऑफिसच्या दाराकडं बघितलं. "मला ऑफिसात काम आहे. एकटीला आत जायला नको वाटतं. चल."

क्लार्क अजून तेच आहेत, केस तेवढे गेले. मनीषा म्हणाली, "माझी दहावीची मार्कशीट न्यायची राहिली आहे." मला धक्काच बसला. बारा वर्षं! निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. पास झाली एवढं कोणीतरी कळवलं होतं, किती पडले ते तिनं कधी विचारलं नाही, विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी तिथंच मनातल्या मनात तुझ्यावर पेटले. तू त्याच शाळेत होतीस. त्या कपाटाची धूळ रोज तूच पुसायचीस. एक कागद पिशवीत घालून घरी न्यायला तुला बारा वर्षं जमलं नाही?

क्लार्कनी कपाट उघडलं. खालच्या खणातल्या फायली वाळवीनं खाल्लेल्या होत्या. त्यांनी वरच्या खणातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, दोरीनं बांधलेली. आत कागद जसाच्या तसा, कोरा करकरीत.

"मी दहा वेळा म्हटलं असेल अक्कांना, घेऊन जा," ते म्हणाले. "त्या म्हणायच्या, जिची आहे ती सही करून नेईल. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, मला, तिच्या आईलापण नाही. रिटायर होताना मला पुन्हा सांगून गेल्या. पिशवीपण त्यांनीच दर पावसाळ्याआधी बदलली."

मनीषानं पिशवीची गाठ सोडली नाही, दातांनी दोरी तोडली. टक्केवारी बघितली. ब्याऐंशी. माझे अडुसष्ट होते. आमच्या वर्गात इतके कोणाला पडले होते हे मला आठवेना, मला वाटतं कोणालाच नाही.

अक्का, एक फोन करायचा होतास. धुळ्याच्या बसला किती वेळ लागतो? तिला बोलावून घ्यायचं होतंस. ती येईल, स्वतःहून येईल, म्हणून तू वाट बघत राहिलीस, आणि ती तू बोलावशील म्हणून. मग तुम्ही दोघी एकमेकींच्या दारापर्यंत गेला नाहीत. मी तुला माफ केलेलं नाही. प्रयत्नही करत नाहीये अजून.

क्लार्कनी जुनं रजिस्टर पुढं सरकवलं. आमच्या वर्गाची यादी, प्रत्येक नावापुढं सही, एकाच ओळीत मोकळी जागा. ते म्हणाले, "आताचं नाव लिहा, सासरचं."

"मार्कशीटवर आहे ते लिहिते," मनीषा म्हणाली.

तिनं सावकाश लिहिलं, आपलं नाव, तुझ्या नवऱ्याचं नाव, आडनाव. मग पेन खाली ठेवून तिनं मार्कशीट पुन्हा हातात घेतली. मार्कांच्या वर आईच्या नावाचा रकाना असतो. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात वाचलं, "सुमन."

तू नव्हतीस. मीच 'हजर' म्हटलं, आणि मग आम्ही दोघीही रडलो.